डोनेशन पाच जणांचं, खातं एकटीचं

प्रश्न:
ताई, आम्ही पाचजण मिळून एक फुकटचं नोट्स ॲप चालवतो. पाचजण चार देशांत, त्यातल्या दोघांना मी प्रत्यक्ष कधी भेटलेलीही नाही. सर्व्हरचा खर्च निघावा म्हणून डोनेशनचं बटण लावलं आणि माझं खातं रेडी होतं म्हणून तेच जोडलं. आता सर्व्हरला लागतात त्यापेक्षा बरेच जास्त पैसे येतात, उरलेले मी सगळ्यांना वाटून पाठवते. परवा बँकेने विचारलं की हे छोटे छोटे परदेशी पैसे कसले. आमच्यातला एक म्हणतो हे गिफ्ट आहे, टॅक्सचा संबंधच नाही. दुसरा म्हणतो ज्याने जितका कोड लिहिला तितका त्याचा हिस्सा. तिसरी स्टुडंट व्हिसावर आहे. आणि चौथा १७ वर्षांचा आहे हे मला आत्ता कळलं. मी नेमकी कशात अडकलेय?
– खातंवाली

उत्तर:
अगं, आधी बँकेचं उरकू कारण ते आजचं काम आहे. बँकेला खरं ते सांग आणि लेखी सांग. ॲपचं पेज, बटणाचा स्क्रीनशॉट, आलेल्या आणि गेलेल्या पैशांची शीट, एवढं जोडलंस तर बहुतेक वेळा पुरतं. ‘मित्रांनी पाठवले’ असं मात्र चुकूनही लिहू नकोस. तुझ्या खात्यात भरपूर अनोळखी लोकांकडून छोट्या रकमा येतात आणि लगेच तीन देशांत बाहेर जातात, मनी लाँड्रिंग (काळा पैसा फिरवून पांढरा करणं) शोधणारी सिस्टिम नेमकं हेच शोधत बसलेली असते, त्यामुळे बँक तुझ्यामागे लागलीये असं समजू नकोस, ती तिचं काम करतेय. पेमेंट ॲपवरून बाकीच्यांना पाठवताना ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ टाइपचा पर्याय फी वाचते म्हणून निवडत असशील तर तेही आजच थांबव, कारण नंतर कोणी विचारलं की हा कामाचा मोबदला होता का, तर तुझाच रेकॉर्ड तुझ्याविरुद्ध बोलेल.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही पाचजण ‘कसं वाटायचं’ यावर भांडताय पण टॅक्सवाल्यांचा पहिला प्रश्न तो नसतोच. त्यांचा प्रश्न असतो, पैसे आले त्या क्षणी ते कोणाचे होते? याचं उत्तर आज तुमच्याकडे कागदावर कुठेच नाहीये, आणि कागद नसला की उत्तर खात्यावरच्या नावावरून निघतं. म्हणजे तू. तू ते पुढे पाठवलेस हे खरं, पण पैसे आधी तुझे झाले आणि मग तू वाटलेस असं कोणी म्हणालं तर टॅक्स पूर्ण रकमेवर तुझ्या गळ्यात पडू शकतो. याउलट पैसे मुळातच पाचांचे होते आणि तू फक्त त्यांच्या वतीने गोळा करत होतीस, असं दाखवता आलं तर तुझ्या वाट्याचंच तुझं उत्पन्न. फरक एवढाच आहे पण रकमेत तो खूप मोठा पडतो.

आणि ‘आमचं आपसात ठरलं होतं’ एवढ्याने काम होतंच असंही नाही. अमेरिकेतली एक जुनी केस आहे, लुकास विरुद्ध अर्ल, १९३०ची. अर्ल नावाच्या वकिलाने १९०१मध्येच बायकोशी रीतसर करार केला होता की दोघांपैकी कोणीही कमावलं तरी ते दोघांचं. करार खरा, कोणी खोटा म्हटला नाही, तरी सुप्रीम कोर्ट म्हणालं की कमाई ज्याची, टॅक्सही त्याचाच. तुमची केस वेगळी आहे कारण तुमच्यात पाचही जण खरंच काम करतात, म्हणून तुझ्या बाजूने सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे कोणी काय काम केलं याची नोंद. कोडचा इतिहास तर आपोआप राहतो, पण आयकॉन काढणारा, मदतपानं लिहिणारी, लोकांच्या मेलला उत्तरं देणारी यांचं काम कुठे दिसत नाही, ते आत्तापासून लिहून ठेवा.

आता गिफ्टवाला मित्र. त्याचं म्हणणं ऐकायला गोड आहे पण बटणावर काय लिहिलंय त्याने काही ठरत नाही. कोर्टं बघतात की देणाऱ्याने का दिलं. अमेरिकेतच १९६०ची ड्यूबरस्टीनची केस बघ, त्याने धंद्यातल्या ओळखीच्या माणसाला काही गिऱ्हाइकांची नावं सुचवली आणि त्या माणसाने खूश होऊन त्याला कॅडिलॅक गाडी भेट दिली. मागितली नव्हती, ठरली नव्हती, तरी कोर्टाने ती गिफ्ट मानली नाही, कारण ती निव्वळ उदारपणातून आलेली नव्हती, कामाच्या बदल्यातली होती. तुमचं ॲप वापरून ज्याने पैसे दिले तो कुठे बसतो? थोडा इकडे थोडा तिकडे, आणि अशा जागी ‘टॅक्सचा संबंधच नाही’ असं छातीठोक बोलायला मी तरी धजणार नाही. त्यातून जे पाचजण नियमित काम करतात आणि नियमित पैसे घेतात, त्यांच्या हातात पोचेपर्यंत त्या पैशांचा रंग मोबदल्याचा झालेला असतो.

उलट बाजूची केसही सांगते, म्हणजे मी घाबरवतेय असं नको वाटायला. नेदरलँड्समध्ये टोल्स्मा नावाचा माणूस रस्त्यावर बॅरल ऑर्गन (हँडल फिरवून वाजवायची पेटी) वाजवायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्यांपुढे डबा धरायचा. टॅक्स ऑफिसने त्याच्याकडे व्हॅट, म्हणजे विक्रीवर लागणारा टॅक्स, मागितला. युरोपच्या कोर्टाने १९९४मध्ये सांगितलं की नाही, कारण वाजवणारा आणि ऐकणारा यांच्यात काही ठरलेलंच नाही, कोणी किती द्यायचं, द्यायचं की नाही, सगळं मर्जीवर, त्यामुळे ही सेवेची किंमत होत नाही. तुमचं साधं बटण या माणसाच्या डब्याच्या बरंच जवळ आहे. पण नीट बघ, हा निकाल व्हॅटचा आहे, इन्कम टॅक्सचा नाही, दोन्ही टॅक्स वेगवेगळे प्रश्न विचारतात आणि ऑनलाइन लोक नेहमी इथेच गल्लत करतात. आणि ज्या दिवशी तुम्ही ‘महिन्याला एवढे दिलेत तर बीटा (चाचणीची नवी आवृत्ती) आधी मिळेल’ किंवा ‘कंपनीचा लोगो पहिल्या पानावर लावू’ असं काही सुरू कराल, त्या दिवशी डबा संपला आणि दुकान सुरू झालं. तेव्हा व्हॅट किंवा जीएसटीचा विचार करावाच लागतो. नुसतं आभारांच्या यादीत नाव सहसा चालतं, जाहिरात सहसा चालत नाही.

अजून एक, समजा गिफ्टच धरलं, तरी गिफ्ट म्हणजे टॅक्स-फ्री हे सगळीकडे खरं नाही. अमेरिकेत गिफ्ट टॅक्सची जबाबदारी मुख्यतः देणाऱ्यावर असते. भारतात नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षाला एकूण ५० हजार रुपयांच्या वर रक्कम मिळाली तर घेणाऱ्याला पूर्ण रकमेवर टॅक्स लागतो, फक्त वरच्या भागावर नाही. जर्मनीत नात्याबाहेरच्या एका माणसाकडून दहा वर्षांत २० हजार युरोपर्यंत सूट आहे. म्हणजे तोच पैसा, तेच बटण, आणि तुमच्यातल्या प्रत्येकाला उत्तर वेगळं. म्हणून एकाने ग्रुपवर ‘मी माझ्या सीएला विचारलं, काही नाही लागत’ असं टाकलं की बाकीच्यांनी अंगठा देऊन मोकळं व्हायचं नसतं, त्याच्या सीएने त्याच्या देशाचं सांगितलंय.

आता जे तुम्हाला कोणी सांगितलेलं नसणार ते. तुम्ही कदाचित नकळत पार्टनरशिप झालेले आहात. रजिस्ट्रेशन नाही, सही नाही, तरी. ब्रिटनचा १८९०चा पार्टनरशिपचा कायदा काय किंवा भारताचा १९३२चा काय, लोक मिळून नफ्यासाठी धंदा करत असतील तर ते पार्टनर, कागद असो वा नसो. तुम्ही म्हणाल आमचा धंदाच नाही, फुकटचं ॲप आहे, आणि सर्व्हरपुरते पैसे येत होते तोवर ते पटण्यासारखं होतंच. पण उरलेलं नियमित वाटून घ्यायला लागलात तिथे ते म्हणणं लंगडं पडतं. याचे दोन परिणाम, त्यातला एक तुझ्या कोडवाल्या मित्राला आवडणार नाही, कारण या दोन्ही कायद्यांत वेगळं काही ठरलेलं नसेल तर वाटा समान. कोडच्या ओळी मोजून हिस्सा हवा असेल तर ते आधी सगळ्यांनी मान्य करून लिहायला हवं होतं, नुसतं त्याला न्याय्य वाटतं म्हणून होत नाही. दुसरा परिणाम जास्त गंभीर आहे, साध्या पार्टनरशिपमध्ये धंद्याचं देणं प्रत्येकाच्या अंगावर पूर्ण येऊ शकतं. उद्या ॲपमधून कोणाचा डेटा फुटला आणि त्याने दावा लावला तर तो पाचांपैकी ज्याच्याकडे पैसे आहेत किंवा ज्याचं नाव दिसतंय त्याला धरेल. नाव कोणाचं दिसतंय हे तुला सांगायला नको. शिवाय काही देशांत असा ग्रुप स्वतःच टॅक्सच्या नजरेत एक वेगळी वस्तू असतो, अमेरिकेत पार्टनरशिपचं वेगळं रिटर्न भरावं लागतं, भारतात ‘असोसिएशन ऑफ पर्सन्स’ म्हणून ग्रुपवरच टॅक्स बसू शकतो.

(कोडच्या ओळींबद्दल जाता जाता माझं मत. हा माप मला मुळातच मूर्खपणाचा वाटतो, शंभर ओळी काढून टाकणाऱ्याने कधीकधी सगळ्यात मोठं काम केलेलं असतं.)

व्हिसावाली मुलगी. हिचे पैसे आजच थांबव, चर्चा नंतर. फुकट हातभार लावणं बहुतेक ठिकाणी चालतं, पण पैसे घेतले की ते काम होतं आणि काम करायची परवानगी व्हिसावर अवलंबून असते. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसावर ठरावीक तास नोकरी चालते पण फ्रीलान्सिंग, स्वतःचा धंदा चालत नाही. अमेरिकेतही परवानगीशिवाय काम केलं तर व्हिसा धोक्यात येतो. टॅक्स चुकला तर दंड भरून सुटता येतं, व्हिसा गेला तर शिक्षण जातं. तिने आपल्या कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारावं आणि आत्तापर्यंत मिळालेल्या पैशांबद्दल इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलावं, तुम्ही चौघांनी मिळून ‘गिफ्ट म्हणून दाखवू’ असले उद्योग करू नका. तुमच्यातला कोणी नोकरीत असेल तर त्यानेही आपला करार उघडून बघावा, साइड इनकमला आणि कधीकधी तर लिहिलेल्या कोडवरच्या हक्कालाही तिथे अट असते.

१७ वर्षांच्या पोराचं तितकं भयंकर नाही. अज्ञान, म्हणजे कायद्याने सज्ञान न झालेल्या, मुलाशी केलेला करार काही देशांत मुळातच रद्द समजतात, काही देशांत तो नंतर मोडू शकतो, त्यामुळे जे काही लिहाल त्यावर त्याच्या पालकांची सही घ्या आणि पैसे पालकांना माहीत असलेल्या खात्यातच पाठवा. त्याला वगळू मात्र नका, तसं केलं तर फक्त कटुता येते.

देशाबाहेर पैसे जातायत म्हणून अजून थोडं. प्रत्येक देशाला आत येणाऱ्या पैशाचं वेगळं वावडं असतं. भारतात सामाजिक, शैक्षणिक वगैरे कार्यक्रम चालवणाऱ्या संस्था-गटांना परदेशी देणगी घ्यायला एफसीआरए कायद्याखाली नोंदणी किंवा परवानगी लागते, आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी घेतलेल्याने ती पुढे दुसऱ्या कोणाला द्यायची नाही. कामाचं बिल लावून आलेली फी ही वेगळी गोष्ट. म्हणून तुमच्यापैकी कोणी तिथे असेल तर ‘देणगीतला वाटा’ आणि ‘कामाची फी’ हा फरक नुसता कागदी राहत नाही. पैसे देणारी संस्था अमेरिकेतली असेल तर ती बाहेरच्यांकडून डब्ल्यू-८बेन फॉर्म (‘मी अमेरिकेबाहेरचा आहे’ असं टॅक्ससाठी लिहून देणारा) भरून घेते, तो बघून घाबरायचं कारण नाही, काम अमेरिकेबाहेर बसून केलं असेल तर ते उत्पन्न साधारणपणे बाहेरचंच धरतात. आणि कोणी आंतरराष्ट्रीय आर्थिक निर्बंध लागलेल्या देशात राहत असेल तर त्याला पैसे पाठवण्याआधी ते चालतं का हे बँकेला विचार, पाठवल्यानंतर विचारून उपयोग नसतो.

मग करायचं काय. माझं स्पष्ट मत, वाटा पाडणं बंद करा आणि बिलं सुरू करा. म्हणजे पैसा पाचांचा नाही, प्रोजेक्टचा. सर्व्हर, डोमेन असले खर्च त्यातून जातील, आणि कोणी अमुक काम केलं तर त्याचं बिल तो देईल, बाकीच्यांपैकी दोघं ओके म्हणतील, मग पैसे जातील. प्रत्येकाने आपलं बिलाचं उत्पन्न आपल्या देशात दाखवायचं. यात भांडण संपत नाही पण निदान ते ‘तुझी लायकी किती’ वरून ‘या कामाचे किती’ वर येतं.

आणि प्रोजेक्टचा पैसा ठेवायचा कुठे, तर तुझ्या खात्यात नाही. यासाठी फिस्कल होस्ट म्हणून व्यवस्था असते, म्हणजे आधीच रजिस्टर असलेली संस्था तुमचे पैसे स्वतःच्या खात्यात घेते, हिशेब ठेवते, बिलं तपासून चुकवते आणि वर थोडे टक्के कापते. सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट ही १९९७पासूनची आहे, डेबियन या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमसाठी सुरू झालेली. सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सी २००६ची. ओपन सोर्स कलेक्टिव्ह तुमच्यासारख्या छोट्या ग्रुपनाही घेते, फक्त ॲप ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं, हवं. कापलेले टक्के बघून तुमच्यातला कोणीतरी नक्की कुरकुरेल, त्याला सांग की मग बँकेची पुढची मेल तू उचल. पण डोळे झाकूनही जाऊ नका. ओपन कलेक्टिव्ह फाउंडेशन हा असाच एक मोठा होस्ट, त्याने २०२४च्या सुरुवातीला बंद होत असल्याचं जाहीर केलं आणि वर्षअखेरीपर्यंत शेकडो ग्रुपना दुसरीकडे बिऱ्हाड हलवावं लागलं. म्हणून करार वाचताना आधी बाहेर पडायचं कलम वाच, उरलेले पैसे कुठे जाणार, नाव आणि डोमेन कोणाचं राहणार.

होस्ट घेतलात तरी देणाऱ्यांना ‘तुम्हाला टॅक्समध्ये सूट मिळेल’ असं सांगू नका, ते होस्टच्या दर्जावर अवलंबून असतं. ओपन सोर्स कलेक्टिव्ह अमेरिकेत टॅक्स कायद्याच्या ५०१(सी)(६) कलमाखालची संस्था आहे, म्हणजे चॅरिटी नाही, तिथे दिलेल्या पैशाला चॅरिटीची सूट नाही. आणि बटणाखाली तुम्ही जे लिहिलंय ते जाऊन परत वाच. ‘सर्व्हरच्या खर्चासाठी’ असंच लिहिलेलं असेल आणि तुम्ही आपसात वाटताय तर टॅक्सपेक्षा हा प्रश्न जास्त वाईट आहे, कारण एका कारणाने मागून दुसरीकडे वापरलं याला कायद्यात चांगली नावं नाहीत. आजच्या आज बदला, ‘सर्व्हर आणि बनवणाऱ्यांच्या कामासाठी’ असं सरळ लिहा, लोक तरीही देतात.

राहिलं मागचं. इथे एक मोह होईल, दोन वर्षांपूर्वीची तारीख टाकून करार बनवायचा, सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या, झालं. करू नकोस. आत्ता जी फक्त अडचण आहे ती त्याने खोटी कागदपत्रं होते. आजच्याच तारखेने एक पान लिहा की आत्तापर्यंत आम्ही असं असं करत आलो, पैसे या खात्यात येत होते, पाचांच्या वतीने घेतले जात होते, एवढे एवढे यांना गेले. ते पान प्रत्येकाने पोच म्हणून सही करून परत पाठवायचं. जुन्या चॅटमध्ये ‘तुझ्या खात्यावर घे, मग वाटू’ असलं काही असेल तर ते एक्स्पोर्ट करून ठेव, त्या वेळचा मेसेज आजच्या दहा पानी करारापेक्षा जास्त मोलाचा. मग प्रत्येकाने आपापल्या मिळकतीचं आपल्या देशातल्या रिटर्नमध्ये बघायचं. ज्या वर्षाचं राहिलंय त्याचं सुधारित रिटर्न बहुतेक देशांत भरता येतं आणि स्वतःहून गेलेल्याला पकडलेल्यापेक्षा सौम्य वागवतात.

सीएकडे किंवा तुमच्याकडे जो कोणी असेल त्याच्याकडे जाताना ‘डोनेशनवर टॅक्स लागतो का’ हा प्रश्न घेऊन जाऊ नकोस, त्याचं उत्तर ‘अवलंबून आहे’ असंच येईल आणि त्याची फीही द्यावी लागेल. पुढ्यात शीट ठेव आणि विचार, यातलं माझं किती, बाकीचं माझं नाही हे दाखवायला काय लागेल, आणि बाहेर पाठवताना मी काही कापून भरायला हवं होतं का. तिसरा प्रश्न विसरू नकोस, परदेशात फी पाठवणाऱ्यावर टॅक्स कापायची जबाबदारी काही देशांत असते आणि ती थेट तुझ्यावर येते, घेणाऱ्यावर नाही.

तोवर बटण काढायची गरज नाही. फक्त आलेले पैसे आहेत तिथे राहू देत, सर्व्हरचं बिल सोडून एकही पेमेंट बाहेर जाऊ देऊ नकोस, आणि ग्रुपवर सांगून टाक की पुढचा वाटा होस्ट ठरेपर्यंत नाही. कोडवाला चिडला तर त्याला हे उत्तर पाठव.